दिवाणजींचा दोरा

महिन्याचा पगार हातात पडला की बाबाराव डायव्हर चार दिवस कुणाशी धड बोलत नसे. हिंगणघाटच्या ज्या ट्रान्सपोर्टचा ट्रक तो चालवायचा, तिथे डायव्हरांना पगार किलोमीटरवर मिळे आणि किलोमीटर ठरत दिवाणजींच्या दोऱ्यावर. दिवाणजी वासुदेवराव भिंतीवरच्या नकाशावर हिंगणघाटापासून आर्वीपर्यंत दोरा ताणत आणि मग तो पट्टीवर ठेवून बघत. चौऱ्याऐंशी! बाबारावने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो दोरा नाल्यावरून जायचा, लोकांच्या तुरीतून जायचा, रेल्वेच्या फाटकावर तर कधीच थांबायचा नाही. ट्रकमधला मीटर दोन वर्षांपासून एकाच आकड्यावर अडकलेला. दिवाणजींची वही मोडी लिपीत, ती एकाही डायव्हरला वाचता येत नसे. शिवाय पगारातून आधीची उचल कापली जाई, त्यामुळे हाती आलेल्या रकमेवरून काही कळायचं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाबाराव सरळ शेठजींपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "दिवाणजीले एक डाव माह्या ट्रकमंदी बसवा. रस्ता मोजू द्या त्याइले."

शेठजींना गंमत वाटली. जो आकडा येईल तो यापुढे सगळ्या डायव्हरांना लागू, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. दिवाणजी तेवढे "राहू द्या न, बाबाराव," असं दोनदा पुटपुटले. बाबारावला वाटलं, म्हातारा घाबरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरकीची पोती भरून ट्रक आर्वीला निघाला. पांढरं धोतर, काळी टोपी आणि मांडीवर वही, अशा थाटात दिवाणजी केबिनमध्ये बसले होते. बावीस वर्षं ट्रकांचा हिशेब लिहिणारा हा माणूस ट्रकमध्ये पहिल्यांदाच बसत होता. वर्धा येईपर्यंत त्यांना तीनदा उलटी झाली. तिसऱ्या वेळी बाबारावने त्यांचं कपाळ धरलं, ट्रकला लटकवलेल्या छागलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि परत फिरायचं का म्हणून विचारलं. दिवाणजींनी मान हलवली. मोजायला निघालो आहोत तर मोजूनच जायचं, असं त्यांचं म्हणणं. मैलाचा प्रत्येक दगड ते स्वतः उतरून बघत आणि मगच लिहीत.

खरांगण्याच्या पुढे एक दगड जागेवरच नव्हता. शोधाशोध केल्यावर तो एका विहिरीवर सापडला. त्यावर एक बाई लुगडं आपटत होती. बाबाराव म्हणाला, एक किलोमीटर धरून टाका. दिवाणजी ऐकेनात. पुढचे दोनही दगड गायब होते. मग अंदाजाने लिहायचं कसं?

त्यांनीच युक्ती काढली. मागच्या चाकाचा घेर दोऱ्याने मोजला, चाकाला लाल चिंधी बांधली आणि तिचा एकेक फेरा मोजत ते ट्रकच्या बाजूने पायी चालू लागले. बाबाराव पहिल्या गिअरमध्ये ट्रक मुंगीच्या पावलाने नेत होता. सरकीने भरलेला ट्रक, लाल चिंधी आणि बाजूने खाली मान घालून पुटपुटत चाललेला टोपीवाला माणूस पाहून शेतातली माणसं रस्त्यावर आली. बघता बघता मागे पाच-सहा जण टोप्या काढून चालू लागले. एका म्हातारीने बॉनेटला कुंकू लावलं.

"नवस हाये का, भाऊ?" तिने विचारलं.

"हो, बुढे माय," बाबाराव म्हणाला. "पगाराचा."

फेरे सहाशे चाळीसवर आले असताना समोरून सायकलवर प्रभाकरराव मास्तर आले. दिवाणजींची त्यांची जुनी ओळख. मास्तरांनी नमस्कार केला. दिवाणजींनीही केला, मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं तेही विचारलं. मास्तर गेले आणि आकडाही गेला. बाबारावने मुकाट्याने भरला ट्रक मागे, शेवटच्या दगडापर्यंत नेला. मागची मंडळीही मागे सरकली. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आर्वीला पोचेपर्यंत दुपार टळली. दिवाणजींच्या दोन्ही टाचांना फोड आले होते. पोती उतरेपर्यंत दोघं कडुलिंबाखाली बसले. बाबारावने बायकोने, वच्छलाबाईने, बांधून दिलेली भाकर आणि ठेचा सोडला आणि मोठी भाकर दिवाणजींपुढे ठेवली. दिवाणजींनी बेरीज केली. दोनदा केली.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले.

बाबारावच्या डोळ्यांत पाणी आलं. एका खेपेमागे दहा! इतक्या वर्षांचे किती झाले, ते त्याला मोजताही येईना. तो म्हणाला, "म्हंजे तुमचा दोरा खोटा."

"दोरा चौऱ्याऐंशीच दाखवते," दिवाणजी भाकरीकडे बघत म्हणाले. "मी लिवतो अठ्ठ्याण्णव."

बाबारावचा घास हातातच राहिला.

"दोऱ्यात चढ नाई येत, फाटक नाई येत, ऊन नाई येत. म्हून मी अंदाजानं टाकत गेलो. सांगू कसा? शेठजीच्या कानावर गेलं असतं न. आता चौऱ्याण्णव लिवा लागन. अकरा डायव्हर, खेपेमागं चार कमी."

बाबारावने हातातला घास खाली ठेवला. मग उठला, छागलीच्या पाण्याने फडका भिजवला आणि दिवाणजींच्या टाचांना गुंडाळला. वहीचं आजचं पान त्याने स्वतःच हलकेच फाडून घेतलं. दिवाणजींनी तोंड दुसरीकडे वळवलं.

परतीच्या वाटेवर दिवाणजींना गाढ झोप लागली. त्यांचं डोकं खांद्यावर आलं, तसा बाबाराव खड्डे चुकवत सावकाश निघाला.

ऑफिसात शेठजी वाटच बघत होते. बाकीचे डायव्हरही थांबले होते.

"किती आले?"

"मोजणी नाई झाली, शेठजी," बाबाराव म्हणाला. "दिवाणजीची तब्येत बिघडली."

दिवाणजींनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच भिंतीला हात टेकून हळूच खाली बसले. शेठजींची धावपळ उडाली. त्यांनी लिंबाचं सरबत मागवलं आणि सगळ्यांसमोर बाबारावला झाडलं. म्हाताऱ्या माणसाला उन्हातान्हात फिरवतोस, लाज नाही वाटत? मोजणीचं नाव पुन्हा काढायचं नाही, आणि आजची अर्धी खेप कापली.

पगाराच्या बाबतीत बाबाराव आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, "बरोबर हाये, शेठजी."