अयूबभाईंची उलटी क्रेन

"चाळीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं खोलली मी! हे तर खेळणं!"

मिरकरवाड्याच्या अयूबभाईंनी सकाळी नऊला ही घोषणा केली, तेव्हा सुरमई साफ करणाऱ्या त्यांच्या बायकोनं, हफीजाबींनी, नुसती मान वर केली. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर बाई आणखी काय करणार!

खेळणं म्हणजे क्रेन. लोखंडी पट्ट्या, चाकं आणि मुंगीएवढे स्क्रू. मस्कतला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, फुजैलनं, ती सात वर्षांच्या लेकीसाठी, मनालसाठी, आधीच कुणाबरोबर तरी धाडली होती. वर फोनवर सांगितलं होतं, "सुट्टी मिळाली, आज चारला पोचतो. क्रेन उभी असली तर बॅगेतलं पहिलं चॉकलेट तिनंच उचलायचं!" मनाल सकाळपासून घड्याळाखालून हलली नव्हती.

सोबत क्रेन जोडायचं पुस्तक होतं. आत नुसती चित्रं. अक्षरं फक्त वरच्या पानावर, तीही अरबी. अरबी म्हटल्यावर अयूबभाईंनी लहानपणच्या सवयीनं, अदबीनं, ते उजवीकडून उघडलं. पहिल्याच पानावर अख्खी क्रेन!

"बघ गो मनाल, जाणकारांसाठी एका पानात काम उरकलंय!"

दुपारी दोनपर्यंत चित्र बघून बघून क्रेन उभी राहिली. जरा कलली होती, पण उभी होती! मनाल नाचली. इथं थांबले असते तर बरं होतं. पण अयूबभाईंनी पान उलटलं.

"दादा, यात हूकच नाय!" मनाल आजोबांना दादा म्हणते.

"ती तपासणी गो! इंजिन जोडलं की आम्ही एकदा खोलून बघायचो."

हूक निघाला. पुढच्या पानावर दोरी नव्हती, तीही निघाली. मग हात असे सरसर चालू लागले की अयूबभाईंना स्वतःचंच नवल वाटलं!

"माझे अब्बा बोटीवर होते," ते पाना फिरवता फिरवता सांगू लागले. "त्यांनी आणलेला असाच संच होता. सुट्टीवर आले की अब्बा जोडायचे. आणि निघायच्या दिवशी पुस्तक मागच्या पानापासून धरून माझ्याकडून खोलून घ्यायचे. डब्यात भरायचे. म्हणायचे, परत येऊन जोडायला काहीतरी नको?"

अब्बांचा तेलकट अंगठा अयूबभाईंना डोळ्यांसमोर दिसत होता. त्या नादात पानं उलटत गेली, पट्ट्या निघून डब्यात पडत गेल्या.

चार वाजता दारात रिक्षा थांबली. फुजैल आत आला. जमिनीवर एक पट्टी होती आणि दोन स्क्रू!

मनालनं भोकाड पसरलं.

फुजैलनं पुस्तक उचललं. "अब्बा, आकडे तरी बघायचे! चोवीस, तेवीस, बावीस... आतली पानं डावीकडून लावलीत, तुम्ही शेवटाकडून आलात!"

"मला दुपारीच शंका आली होती," हफीजाबी म्हणाल्या. "पण मला विचारतंय कोण!"

अयूबभाई कानापर्यंत लाल झाले. फुजैल मात्र प्रवासाच्या कपड्यांतच फतकल मारून बसला. "चला अब्बा, पान एक. तुम्ही स्क्रू द्या."

संध्याकाळच्या, मगरिबच्या अजानीआधी क्रेननं चॉकलेट उचललं! सरळ उभी होती हो, अगदी सरळ. अयूबभाईंना फार बरं वाटलं. कौतुकानं त्यांनी पुन्हा पुस्तकाकडे हात नेला.

मनालनं झडप घालून ते पळवलं आणि थेट तांदळाच्या डब्यात खुपसलं.

"दादांच्या हातात द्यायचं नाय!" ती दादीला बजावू लागली. "ते वाचायला लागले की अब्बांची सुट्टी संपते!"