फियाटीच्या चार दरवाज्यांची मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, वैशाखमासी पुणे प्रांती वारजे मुक्कामी जे थोर कर्म घडले, ते पुढील पिढ्यांस ठाऊक असावे आणि सोसायटीत उगाच भलतेसलते पसरू नये, म्हणून यथास्थित लिहून ठेविले असे.

राजमान्य राजेश्री बापूराव, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून सेवानिवृत्त, यांजपाशी सन चौऱ्याहत्तरची पांढरी फियाट. गाडी नामी, परंतु किल्ली एकट्या चालकाच्याच दरवाजास लागे. सबब बापूरावांनी आधी आत बसावे, मग आडवे होऊन, हात लांबवून पलीकडील दरवाजाची खिट्टी वर ओढावी, आणि तोवर त्यांचे कुटुंब दुर्गाबाई यांनी बाहेर तिष्ठावे, ऐसा रिवाज एकेचाळीस वर्षे चालिला. यंदा ऊन कडक, आणि एके दिवशी बापूराव आत बसून चष्माच शोधीत राहिले, मग बाईसाहेबांचा पारा चढला आणि त्यांनी फर्माविले की, आम्ही अर्जदारासारखे दारी उभे राहणार नाही, यापुढे रिक्षा. आणि खरोखरच रिक्षाने गेल्या.

पुढील रविवारी येरवड्यास भाचीच्या मुलाचे बारसे. तेथे बाईसाहेब रिक्षातून उतरणार आणि मागून बापूराव रिकामी फियाट घेऊन येणार, हे समस्त सासुरवाडीने पाहिले तर तोंड दाखवावयास जागा उरणार नाही, या विचारे बापूरावांस अन्न गोड लागेना.

मग खडकीचे इम्तियाज मिस्त्री, जुन्या गाड्यांचे नामांकित हकीम, यांजकडे कूच केले. मिस्त्रींनी विजेची कुलुपे बसवून देण्याचे अभय दिले आणि रण माजले. दरवाज्यांची अस्तरे उतरली, पन्नास वर्षांची धूळ उडाली, आणि कुलुपांच्या चार इवल्या मोटारी चार दरवाज्यांत ठाणे देऊन बसल्या. मागील उजवा दरवाजा दोन दिवस शरण येईना. बापूराव स्टुलावर बसून मसलती देत राहिले, तेव्हा मिस्त्रींनी अदबीने कळविले की, चहा पिऊन यावे, सावकाश.

तिसरे दिवशी बटण दाबिताच चारी खिट्ट्या एकदम खाली, आणि बापूरावांचे डोळे भरून आले. परंतु परतीचे वाटेवर हॉर्न वाजविताच चारी दरवाजे खटकन मोकळे. तार कोठेतरी भलतीकडे सोयरीक करून बसली होती. या शहरी हॉर्नावाचून चार पावले जाणे दुरापास्त, सबब दर चौकी गाडी उघडत आली, आणि एका सिग्नलला एक अनोळखी गृहस्थ, हे आपल्याचसाठी ऐसे समजून, मागे बसले आणि वारजे एवढेच बोलिले. वाटेवरच असल्याने बापूरावांनी त्यांस पोहोचविले. उतरताना गृहस्थांनी गाडीस एसी नसल्याबद्दल नापसंती कळविली.

दुसरे दिवशी मिस्त्रींनी ती सोयरीक मोडिली. रविवार उजाडला. दुर्गाबाई जरीकाठी नेसून खाली आल्या, आणि बापूरावांनी आत बसून, ताठ मानेने, बटण दाबिले. चारी खिट्ट्या वर आल्या. बाई उभ्याच.

"उघडलंय. बसा की," बापूराव म्हणाले.

"बघितलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षांत तुम्ही माझ्यापुढे वाकलात, ते एवढंच. तेही आता बटणावर टाकलंत?"

मग बापूरावांनी बटण पुन्हा दाबिले, दरवाजे बंद केले, आणि आडवे होऊन, हात लांबवून, खिट्टी वर ओढिली. कंबर कडकन वाजली. बाई बसल्या, पदर सावरला, आणि बारशास वेळेत पोहोचल्या.

सोमवारी तह जाहला. गाडी सावलीत उभी करावी, चष्मा आधीच डोळ्यांवर चढवावा, आणि डाव्या पुढील दरवाजाची तार काढावी. मिस्त्रींनी तार काढिली, कारण पुसले नाही. त्यांच्याही घरी कमरजहां बेगम होत्या.

येणेप्रमाणे तीन दरवाजे विजेच्या अमलाखाली आले, आणि चौथा बापूरावांचे कमरेकडे पूर्ववत चालू राहिला. मोहीम फत्ते जाहली, ऐसे बापूराव सर्वांस सांगतात. सदरहू लेख दुर्गाबाईंनी वाचून पाहिला आणि चालेल, ऐसा शेरा दिला.