आठवं पान

योगेंद्रनं आयुष्यात धाडसाचं म्हणावं असं एकच वाक्य उच्चारलं, आणि तेसुद्धा तोंडात पोह्यांचा घास असताना.

"या वेळी मी पण येतो."

दिपमाला हेल्मेटचा पट्टा लावत होती. ती थांबली. "कुठे?"

"कोकणात. तुमच्या सायकलवाल्यांबरोबर."

त्याची बायको दिपमाला फैजपूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका. दोन वर्षांपासून दर रविवारी पहाटे ती क्लबबरोबर सातपुड्याच्या पायथ्याकडे निघून जायची आणि दुपारी धुळीनं माखून, गाणं गुणगुणत परत यायची. योगेंद्र कचेरीत कारकून. त्याला पाल, लिफ्ट, वळू, फटाके आणि साहेबांचा फोन या सगळ्यांची सारखीच भीती वाटे (साहेबांच्या फोनची किंचित जास्त). दिपमाला नसली की रविवार त्याला खायला उठायचा. ती आपल्याला सोडून जाईल अशी भीती त्याला नव्हती. आपल्याशिवाय तिचं मजेत चाललंय, ही होती.

"या की," दिपमाला म्हणाली. "पण एक सांगते. अर्ध्यातून परत फिरलात, तर पुन्हा कुठल्याही रविवारी तोंड पाडून दारात बसायचं नाही."

योगेंद्रनं घास गिळला आणि मान हलवली. तिथून पुढे काहीच त्याच्या हातात राहिलं नाही.

डिसेंबरचा महिना, म्हणजे वांग्याच्या भरताचे दिवस. क्लबचे म्होरके प्रेमराजभाऊ केळीबागाईतदार. त्यांनी जाहीर केलं की कोकणात समुद्राच्या काठावर, कड्यावर बसून भरीत पार्टी करायची. गाडी तिथवर जात नव्हती, म्हणून सामान सायकलींवर वाटून घ्यायचं ठरलं. बामणोदची वांगी, हिरव्या मिरच्या, कळण्याच्या भाकरी, केळीची पानं, भरीत ठेचायची लाकडी बडगी आणि पऱ्हाट्यांचा एक भारा.

"काड्या इथून न्यायच्या?" योगेंद्रनं विचारलं. "कोकणात लाकडं नसतात का?"

प्रेमराजभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपलं रेशनकार्डावरचं गाव तपासलं जाईल असं वाटलं. "वांगं पऱ्हाटीवरच भाजलं पाह्यजे. दुसऱ्या जाळाची चव मले चालत नाही. तुमी सगळ्यात मांगं राह्यनार, तं भारा तुमालेच बांधू."

अशा रीतीनं कापसाच्या वाळक्या झाडांचा कंबरेइतका जाड भारा खानदेशातून निघाला आणि पाऊण महाराष्ट्र ओलांडून गोव्याच्या हद्दीजवळ उतरला. क्लबचे मेकॅनिक अतिकभाई यांनी तो योगेंद्रच्या सीटमागे उभा बांधला. मुळं खाली, फांद्या वर. "दो सुतळी मारी है, भाऊ. वादळ आलं तरी हलनार नाही."

सायकल भाड्याची होती. ग्रॅव्हल बाईक म्हणजे खडीवरून, मुरमावरून न फुटता जाणारी जाड टायरची सायकल. न फुटण्याची खात्री टायरची असते, वर बसलेल्याची नसते, हे योगेंद्रला पहिल्याच मैलात कळलं.

वाट एका बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीतून जात होती. खाणीच्या अलीकडे एक चहाची टपरी होती. सगळे चहा पिऊन पुढे गेले. योगेंद्र पोचला तेव्हा टपरीवाले आजोबा कप विसळत होते.

"आजोबा, खाणीत कोणी असतं का आता?"

"कोण नाय. वर्षां झाली, माणूस नाय थंय," आजोबा म्हणाले. मग त्यांनी कप खाली ठेवला. "पण एक सांगतंय. काठावरना जाताना मागे वळान बघू नको."

"का?"

आजोबा उत्तर देणार, तेवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं. ते आत धावले. योगेंद्र दोन मिनिटं थांबला. मग त्याला वाटलं, उत्तर ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. तो निघाला.

मग खाण आली. लाल मातीचा डोंगर कोणीतरी पायऱ्यापायऱ्यांनी खरवडून काढलेला, आणि तळाशी हिरवंगार, हालचाल नसलेलं पाणी. एक गंजलेलं यंत्र अर्धं त्या पाण्यात बुडालेलं. वाट काठाकाठानं, जेमतेम बैलगाडीच्या रुंदीची. पक्षी नाही, वारा नाही. पलीकडे कुठेतरी समुद्र होता म्हणे. पण त्याची गाज इथवर येत नव्हती.

आणि मग मागून आवाज आला. खर्र... खर्र... खर्र.

योगेंद्र थांबला. आवाज थांबला.

तो निघाला. आवाज निघाला.

मागे वळून बघायचं नव्हतं. त्यानं वेग वाढवला. खर्रखर्र वाढली, जणू कोणी अनवाणी पाय घासत पळतंय. इतक्यात वाट वळली, सकाळचं ऊन पाठीवर आलं आणि त्याची सावली समोर पडली. सावलीत त्याचं डोकं होतं. डोक्यामागे दहा-बारा काटकुळे हात होते.

(मागे भारा बांधलाय हे त्याच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. खुर्चीत बसून हे विचारायला सोपं असतं. त्या काठावर, त्या पाण्याच्या वर, माणसाला स्वतःचं आडनाव आठवत नाही, तिथे पऱ्हाटी कुठून आठवणार?)

"हे बघा," योगेंद्र पुढे बघतच मोठ्यानं म्हणाला, "मी फैजपूरचा. या खाणीशी माझा संबंध नाही. माझ्या घराण्यात कोणी लोखंड वापरतसुद्धा नाही!"

खर्र खर्र खर्र.

"तुम्ही इथे कामाला होता का? फार कष्टाचं काम. मला आदर आहे."

एका हातानं त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारली.

"कानबाई माते!" तो ओरडला. "येत्या श्रावणात तुला सवाई रोटाचा नैवेद्य करीन! अहो काका, दादा, जे कोण असाल ते, भरीत करतोय आम्ही! जेवूनच जा! पण मला सोडा!"

जेवायला बोलावल्यावर आवाज दुप्पट झाला. योगेंद्र आता सायकल चालवत नव्हता, सायकल त्याला घेऊन पळत होती. पुढच्या चढावर त्याला दिपमाला दिसली. एकटीच. सायकल हातात धरून ती खाली पाण्याकडे बघत उभी होती.

"पळ!" तो किंचाळला. "मागे बघू नको!"

आणि तो तिला ओलांडून पुढे गेला. लपवून काय करायचं, गेला. तीस-चाळीस पावलं गेला. मग त्याला समजलं की आपण काय केलं. ती मागे राहिली होती, आणि तेही मागेच होतं. त्याच्या छातीत जे झालं ते भीतीपेक्षा वाईट होतं. दोन वर्षांचे सगळे रिकामे रविवार एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आले. आजोबांनी सांगितलेलं विसरून त्यानं हँडल फिरवलं आणि तो वळला.

सायकल घसरली. तो आडवा झाला. आणि ते, सगळ्या हातांसकट, त्याच्या अंगावर पडलं.

"दिपमाला, तू जा!" तो खालून ओरडला. "मी याला धरून ठेवतो! स्वतःला सांभाळ!" त्यानं डोळे मिटले आणि हाती लागेल तो हात मोडायला सुरुवात केली. कड्! एक गेला. कड्, कड्! दोन गेले. त्यानं एक चावलासुद्धा.

बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की कोणी प्रतिकार करत नाहीये. तोंडात कापूस होता.

त्यानं डोळे उघडले. दिपमाला शेजारी उकिडवी बसली होती. मागच्या लाल वाटेवर, त्याच्या टायरच्या खुणेबरोबर, पऱ्हाटीच्या मुळांनी ओढलेली एक लांबच लांब रेघ दिसत होती.

"खालची सुतळी सुटलीय," ती हळूच म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, पण ती हसली नाही. त्याच्या केसांतली बोंडं तिनं एकेक करून काढली. "परत का फिरलात?"

"तू मागे राहिली होतीस."

मग उठून तिनं त्याला हात दिला. "रविवारी साडेपाचला निघायचंय. गजर लावा."

योगेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं (लाल मातीमुळे, असं त्यानं नंतर सांगितलं). "एक काम कर. हे त्या लोकांना सांगू नकोस."

"शप्पथ. मी एक अक्षर सांगणार नाही."

समुद्राच्या कड्यावर ते पोचले तेव्हा प्रेमराजभाऊंनी काड्यांचे तुकडे पाहून मान डोलावली. "वा! मोडूनबी आनल्या!" जाळ पेटला. वांगी फुसफुसली, मिरच्यांचा ठसका उठला, आणि बडगीत ठेचलेल्या भरताचा वास थेट फैजपूरच्या शेतातला होता. कोणी काही विचारलं नाही. दिपमालेनं शब्द पाळला होता. योगेंद्र पहिल्यांदाच ताठ बसला. उतारावर टायर कसे धरतात, याबद्दल तो अतिकभाईंना दोन शब्दही सांगून गेला.

केळीची पानं मांडली गेली. माणसं सात. योगेंद्रनं पानं मोजली, पुन्हा मोजली. आठ होती. आठवं त्याच्या शेजारी होतं आणि त्यावर भाकरी, भरीत, कांदा, सगळं व्यवस्थित वाढलेलं होतं.

"हे कोणाचं?"

"तुमचे पाव्हने," प्रेमराजभाऊ अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाले. "खान म्हंजे मोठा भोंगाच हाये, भाऊ. पलीकडल्या काठाले आमी उभे होतो. तुमी 'जेवूनच जा' म्हटलं, बोलावल्यावर वाढाले नको?"

मग जे हसणं सुटलं ते थेट समुद्रापर्यंत गेलं. दिपमाला तर पदर नसताना तोंडाला पदर शोधत होती. योगेंद्रही हसला. सगळ्यात शेवटी, पण हसला.

आणि सगळे जेवायला वाकले आहेत असं पाहून, त्यानं ते आठवं पान हळूच वीतभर स्वतःपासून लांब सरकवलं.