ओव्हरसियरच्या अंगणातला तुरा

बातमी आली तेव्हा मुजफ्फरराव ओल्या फडक्यानं पामची पानं पुसत होते. गुरुवार होता, नळाला पाणी येऊन गेलं होतं आणि लासुर्ण्यात त्या दिवशी आणखी काही घडण्याची शक्यता नव्हती.

"साहेब, बघाय या!" भिंतीवरून शेजारच्या धोंडीबाचं डोकं वर आलं. "भाभींच्या पामला तुरा आलाय!"

मुजफ्फररावांचा हात थांबला. भाभींचा पाम तर त्यांच्या हाताखाली होता. पिवळा, खालमानेनं उभा, पानांची टोकं विडीसारखी जळलेली.

त्यांच्या बायकोनं, म्हणजे गल्लीच्या भाभींनी, फरहतनं, बारामतीहून दोन अरेका पाम आणले होते. एक कुंडीत लावला; दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट तिनं स्वतः त्या कुंडीला फासला होता. दुसरा धोंडीबाच्या शालनला दिला. पुढच्या वर्षी फरहत गेली. शालननं आपला पाम जमिनीत लावला होता, तो पत्र्याच्या वर पोचला, आणि गल्लीत 'भाभींचा पाम' म्हणजे तोच, असं ठरून गेलं. (सख्ख्या नवऱ्याला कुणी विचारलं नाही.)

बघायला जावंच लागलं. हिरव्यागार पानांखालून पिवळ्या बारीक फुलांचा झुपका लोंबत होता. चार बायका जमल्या होत्या.

"हात कसला हो भाभींचा," त्यांतली एक म्हणाली. "त्या गेल्या, पर झाड कसं नांदतंय हितं."

हितं! मुजफ्फररावांना तो शब्द बोचला. फरहतला नांदायला दुसरं घर सापडल्यासारखंच बोलत होत्या की या बाया.

ते तीस वर्षं साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी चष्मा वर सारला आणि नोकरीतला आवाज काढला.

"धोंडीबा, उसाला तुरा आला म्हणजे काय?"

"वाढ खुटली. साखर घटणार."

"मग काय करतो आपण?"

"तोडून मोकळं व्हतो."

"मग?"

(उसाचा कायदा पामला लागू होतो की नाही, हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं.)

धोंडीबानं साहेबांच्या शब्दावर तीस वर्षं ऊस लावला होता. तो आत गेला, कोयता घेऊन आला आणि झुपका खाली पडला. बायका पांगल्या. मुजफ्फरराव घरी आले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शीळ घातली.

पण फुलांत जाणारी ताकद वाचली म्हणा, की आणखी काही, दोन महिन्यांत शालनच्या पामनं तीन टोलेजंग पानं काढली. "साहेबांचं डोकं!" धोंडीबा गावभर सांगत सुटला. आपल्याच मत्सराचं कौतुक रोज ऐकावं लागणं, ही शिक्षा कुठल्या कायद्यात नसेल.

आणि एका सकाळी मुजफ्फररावांच्या कुंडीतल्या पामच्या मधोमध एक हिरवा, सरळ, मिटलेला सुळका दिसला. त्यांनी तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. मग स्टुलावर चढून भिंतीवरून ओरडले, "धोंडीबा! आमच्याकडंबी आला तुरा! दुपारी समद्यांना बोलीव!" (तीस वर्षांची शुद्ध कचेरीतली मराठी एका क्षणात वाहून गेली.) आणि पेढे आणायला ते इंदापूरच्या एसटीत बसले.

परत आले तर अंगणात गल्ली जमलेली. कुंडीपाशी धोंडीबा, हातात कोयता, चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान.

"तुमी कुठं ह्या वयात वाकताय, साहेब. घेतला मीच तोडून."

मुजफ्फररावांच्या हातातली पिशवी खाली आली. धोंडीबाची सून अंजली बारामतीच्या एका नर्सरीत कामाला होती. आज तिची सुट्टी होती. तिनं तो सुळका उचलून नखानं उकलला. आतून पोपटी, ओली, घडी घातलेली पाती बाहेर आली.

"मामा, ह्यो तुरा न्हाय. नवं पान हाय."

"आन् मग साहेब तुरा कसं म्हनलं?" धोंडीबानं विचारलं.

सगळे साहेबांकडे बघू लागले. त्यांनी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडली.

"घ्या."

"पर पेढं आता कशाचं?" शालननं विचारलं.

"तुमच्या पामला तुरा आला होता ना," मुजफ्फरराव म्हणाले. "त्याचे. तेव्हा द्यायचे राहिले."

शालननं पेढा घेतला. अंजलीनं कुंडीतली माती बोटानं दाबून पाहिली. "चाचा, मुळं कोंडल्यात. ही कुंडी फोडून जमिनीत लावा, जगंल. अजून येळ गेली न्हाय."

धोंडीबानं दोन पेढे खाल्ले आणि तिथंच, नळाच्या शेजारी, उसाची सरी पाडावी तसा ऐसपैस खड्डा खणला. जाताना हातोडी ठेवून गेला.

त्याला तीन आठवडे झाले. खड्ड्यात शालनच्या कोंबड्या दुपारच्या धूळ उडवत लोळतात. हातोडी मुजफ्फररावांनी दोनदा उचलली. निळी कुंडी अजून फोडलेली नाही.