एकशे त्रेचाळीस कुरव

भास्करकाका कुठलीही गोष्ट एकट्याने मोजत नाहीत. बागेतले केळीचे घड असोत की लग्नाच्या पंगतीतली पानं, दुसऱ्या कुणाला तरी वेगळं मोजायला लावतात आणि मग आकडे जुळवतात. "एकट्याची मोजणी म्हणजे थाप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उमेळ्याला आमची इमारत त्यांच्याच बागेच्या विकलेल्या तुकड्यावर उभी आहे. म्हणून असेल, मला त्यांना नाही म्हणणं जमत नाही. दर हिवाळ्यात ते मला अर्नाळ्याहून होडीने समुद्रात तासभर आत, एका उघड्या खडकापाशी नेतात. तिथे थंडीत कुरव पक्षी उतरतात. आधी सोबतीला काकी असायच्या. त्या वारल्यापासून मी.

नियम कडक. होडी लांब थांबवायची, बोलायचं नाही, दोघांनी मनात मोजायचं. आकडा आधी मी सांगायचा.

यंदा मला होडी लागली. मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. होडीवाला ओरडला, "काका, आटपा! पानी उतरतंय, मग होडी किनाऱ्याला लागायची नाय!"

"गप रे, मोजणी मोडते! हां, बोल, किती?" काकांनी मला विचारलं.

मी एकही पक्षी मोजला नव्हता. "एकशे त्रेचाळीस," ठोकून दिलं.

"माझेही तेवढेच!" काकांनी टाळी मागितली. मी दिली.

परतल्यावर त्यांनी आमच्या गेटजवळच्या फळ्यावर खडूने तो आकडा लिहिला. माझा खोटा, मग त्यांचा तोच कसा? विचारायचं तर आधी स्वतःची लबाडी सांगावी लागणार. आठ दिवस मी फळ्याकडे न बघता ये-जा केली. शेवटी बागेत जाऊन सांगून टाकलं, "काका, मी मोजलेच नव्हते."

वाळकी पानं काढणारे त्यांचे हात थांबले. "मग फळ्यावरचं पुसायला हवं." हातातलं पान खाली टाकत म्हणाले, "मला दोन वर्षं नुसता खडक दिसतो रे, तोही धुरकट. डॉक्टर म्हणतात, आता सुधारायचं नाही. तू सांगशील तो माझा आकडा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणाला असतास, काका, आता घरी बसा."

मी खरंच तेच म्हणालो असतो.

रविवारी पुन्हा गेलो. मी उलटीची गोळी घेतली होती आणि या वेळी मोठ्याने मोजलं. नव्याण्णव भरले. काका खडकाकडे तोंड करून ऐकत होते.

"तो शेवटचा काय करतोय?"

"एका पायावर उभा आहे. चोच पंखात."

"झोपलाय," काका हळूच म्हणाले, आणि इंजिनाकडे वळलेल्या होडीवाल्याला त्यांनी हातानेच थांबवलं.