वरून पाहून न बोलणाऱ्या बाई

अमरावतीच्या डॉक्टर सुलभाबाई भाजी घ्यायला पिशवीत चाकू घेऊन येतात. वांगं कापल्याशिवाय घेत नाहीत. मी वलगावचा भाजीवाला, शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या वांग्यावर बोट ठेवायची कोणाची छाती नाही. पहिल्याच दिवशी तापलो.

"बाई, मी सांगून राहिलो ना, चांगलं हाये!"

"दादा, वरून पाहून मी बोलत नसते."

हे त्यांचं पालुपद. त्यांच्या बहिणीनं पोरीसाठी स्थळ पाहायला त्यांना सोबत नेलं. पोहे झाल्यावर मुलाच्या बापानं विचारलं, "पोरगा कसा वाटला?" बाईंनी तेच सांगितलं. स्थळ गेलं.

त्यांचं कामही तसंच. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा काचेवर घेऊन दुर्बिणीतून पाहायचा. मागच्या वर्षी माझ्या कारभारणीचा, अन्नपूर्णेचा, तुकडा त्यांच्याकडेच गेला. कॅन्सर होता. पण गर्भपिशवीच्या अस्तरातला की पिशवीच्या तोंडाचा, ते समजेना. मोठे डॉक्टर म्हणाले, अस्तरातला असला तर आधी ऑपरेशन. तोंडाचा असला तर वाढलेला आहे, लाईट द्यावी लागेल, म्हणजे मशीनचे किरण.

मी बाईंच्या लॅबवर गेलो. "पाहिलं ना? मंग सांगा."

"दोन्ही सारखेच दिसतात, दादा. रंग लावून राहिलो आमी. काही रंग अस्तराच्या पेशींवर चढतात, काही तोंडाच्या. कोणता चढते ते पाहू."

"अंदाज तं सांगा!"

"अंदाजानं तुमच्या बायकोले लाईट देऊ काय?"

रिपोर्ट येईपर्यंत मी रोज त्यांच्या पायरीवर हटून बसलो. बाई जाता-येता म्हणत, "घरी जा, दादा. तुमी बसल्यानं रंग लवकर चढत नाही." मी उठलो नाही. शेवटी बाहेर येऊन त्याच म्हणाल्या, "अस्तराचे रंग चढले, तोंडाचे नाही. ऑपरेशन करून घ्या."

ऑपरेशन झालं. अन्नपूर्णा अंगणात येऊन बसू लागली, तेव्हा एका दुपारी बाई वलगावला आल्या. बाजेवर टेकल्या अन् तिच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

मी म्हटलं, "काय पाहून राहिल्या, बाई?"

"एवढ्या बायांच्या काचा पाहिल्या, दादा. जिची काच, तिचा चेहरा कधी पाहिला नाही. माझ्याकडे माणूस येत नाही, तुकडा येते."

अन्नपूर्णेनं त्यांच्यापुढे वांगी ठेवली. बाई तिला म्हणाल्या, "बऱ्या दिसता हो."

"वरून पाहून?" मी टोकलंच.

"राहू द्या ना, दादा," म्हणत बाईंनी वांगी न कापताच पिशवीत भरली.