आमच्या गल्लीचा कान

माझा उजवा कान ही आमच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. डावाही तसा बरा आहे, पण उजव्याची बात और. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत चौदा घरं, चौदा हौद, चौदा मोटारी, आणि पाणी आल्याचं सगळ्यांत आधी ऐकणारा कान एकच!

बाहेरगावच्या वाचकांना हे नीट सांगायला हवं. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. ते व्याह्यासारखं येतं. आठवड्यातून एकदा, दिवस साधारण ठरलेला, वेळ त्याच्या मर्जीची, आणि पाऊण तासात 'येतो आता' म्हणून उठतं. जोर इतका कमी की मोटार लावल्याशिवाय ते हौदात उतरत नाही. आणि पाण्याच्या आधी मोटार लावली तर ती कोरडी फिरून जळते. म्हणजे नेमका क्षण गाठला पाहिजे. पाणी यायच्या आधी पाइप एकदा घसा खाकरतो, मग बारीक 'शूंऽऽ' असा आवाज येतो, आणि दीड मिनिटात पाणी. ती शूं मला वरच्या खोलीत, पंखा चालू असताना, पेपर वाचता वाचता ऐकू येते. ऐकली की मी गॅलरीत जायचं आणि स्टीलचं ताट उलथन्यानं बडवायचं. अर्ध्या मिनिटात चौदा मोटारी घुमू लागतात. अकरा वर्षांत ताट एकदाही खोटं वाजलं नव्हतं. निवृत्त माणसाला असं एखादं पद लागतंच.

या पदाला ग्रहण लागलं ते शेजारच्या आप्पासाहेबांच्या फरशीमुळं.

आप्पासाहेब म्हणजे गंगापूरकडचे बागायतदार, इथं घर बांधून राहिलेले. चांगली फरशी उखडून त्यांनी नवी बसवायला काढली. त्यासाठी खुलताबादहून गोकुळ मिस्त्री आले, आणि मिस्त्रींबरोबर त्यांचं फरशी कापायचं कटर आलं. त्या कटरचा आवाज कसा सांगू? भूल न देता हत्तीचा दात काढला तर हत्ती जसा बोलेल, तसा. सकाळी नऊला हत्ती खुर्चीत बसायचा, संध्याकाळी सहाला उठायचा. शिवाय वाळू, खडी आणि फरशीच्या थप्प्या यांनी गल्लीचं तोंड असं बंद केलं होतं की पाण्याचा टँकर सोडा, तब्येतीनं बरा माणूसही आडवा होऊनच आत यायचा.

"बाबा, तुम्ही इयरप्लग वापरा," माझी मुलगी प्रेरणा म्हणाली. सातवा महिना लागलेला, डोहाळजेवणासाठी माहेरी आलेली. तिनं मोबाइलवर चार टिचक्या मारल्या आणि दोन दिवसांत खोकं हजर. पन्नास जोड! नारिंगी, बोटाच्या पेराएवढे, पावासारखे दबणारे बोळे.

"खोक्यावरचं वाचून घ्या आधी," ती म्हणाली.

"कानात घालायचे आहेत ना? मग डोळ्यांचं काय काम?" मी म्हणालो, आणि अंगठ्यानं एकेक आत दाबला. पोळीच्या सुरनळीत गूळ दाबावा तसा.

काय शांतता हो! हत्ती जणू दौलताबादच्या पलीकडं गेला. मी खूश होऊन चिवडा तोंडात टाकला, आणि दचकलो. डोक्यात कुणीतरी कौलांवरून धावत होतं. चहाचा घोट घेतला तर विहिरीत बादली पडल्यासारखं झालं. स्वतःशी बोललो, तर रांजणातून दुसराच कुणीतरी बोलला, आणि त्याचा आवाज मला मुळीच आवडला नाही.

तिसऱ्या दिवशी उजवा कान खाजू लागला. चौथ्या दिवशी ठणकू लागला. आत अख्खी सुपारी राहून गेल्यासारखं वाटायचं. त्या कुशीवर झोपता येईना, जांभई देता येईना. अर्धी जांभई देऊन थांबणं म्हणजे काय असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. मी काडेपेटीकडं हात नेला, तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती रत्नमाला आत आल्या.

"ती काडी खाली ठेवा."

"देवाजवळ दिवा लावतोय."

"देव तिकडं आहे. कानात नाही." तिनं काडेपेटी काढून घेतली आणि समोर बसली. "हे बघा. रविवारी डोहाळजेवण आहे. गंगापूरहून चाळीस माणसं येणार. मनकर्णाबाई स्वतः येणार."

मनकर्णाबाई म्हणजे प्रेरणाच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई. लग्नात आमच्याकडं ताकाला पाणी जास्त झालं होतं, हे त्या तीन वर्षांनंतरही प्रेमानं सांगतात.

"वरच्या टाकीत चार बोटं पाणी आहे," रत्नमाला पुढं म्हणाली. "टँकर गल्लीत शिरत नाही. शनिवारी नळ येणार, तो हातचा गेला तर चाळीस माणसांसमोर माझी शोभा होईल. मी दिवसभर स्वयंपाकात असणार. शनिवारी कानात ते बोळे दिसले तर बघा."

"आपल्या कानावर भरवसा नाही?"

"कानावर आहे. तुमच्यावर नाही."

एवढ्यावर न थांबता तिनं आप्पासाहेबांकडून शब्दही घेतला की रविवारी कटर बंद राहील. आप्पासाहेब म्हणाले, "वैनी, पोरीचं डोहाळजेवण म्हणजे आमच्या घरचंच कार्य. गोकुळला मी सुट्टी देतो."

शनिवार उजाडला. नऊ वाजता हत्ती खुर्चीत बसला. सव्वानऊला माझा निग्रह संपला. उघड्या कानानं ठणका आणि कटर दोन्ही सोसायचे, की बोळे घालून फक्त ठणका? मी बोळे घातले, वर मफलर गुंडाळला (मार्च महिना होता, पण रत्नमाला स्वयंपाकघरात होती), आणि पाण्याची सोय वेगळ्या मार्गानं केली. वैद्य नाडी कानानं बघतात का? हातानंच बघतात ना! मी अंगणात खुर्ची टाकली आणि नळाच्या पाइपवर तळहात ठेवून बसलो.

अकराच्या सुमारास नाडी लागली! पाइप थरथरू लागला. मी धावत वर गेलो, ताट बडवलं. चौदा घरांची दारं उघडली, बादल्या बाहेर आल्या, मोटारी घुमल्या. आणि घुमतच राहिल्या. कोरड्या! दोन मिनिटांत जळक्या रबराचा वास आला आणि आप्पासाहेब गच्चीवर दिसले. त्यांचे ओठ हलत होते. बोळे काढायला लावणारे हातवारेही चालू होते. मी काढले.

"…मोटार धूर टाकायलीय माझी! कुठंय पाणी, तात्या?"

"पाइप थरथरला होता."

"अहो, गोकुळनं कटर पाइपला टेकवून ठेवलंय मघापासून! ते थरथरायलंय!"

रत्नमाला दारात आली. तिनं माझा मफलर पाहिला, माझ्या हातातले नारिंगी बोळे पाहिले, आणि काहीच बोलली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही असे तीन प्रसंग आहेत. उरलेल्या दोनांविषयी मी कधी लिहिणार नाही.

मी दोन्ही बोळे तिच्या हातावर ठेवले आणि उघड्या कानानं खुर्चीत बसलो. आता चूक होणं शक्यच नव्हतं. बरोबर पाऊण वाजता गोकुळ मिस्त्री भाकरी खायला उठले, कटर थांबलं, आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. शूंऽऽ! स्वच्छ, बारीक, ओळखीचं. मी ताट बडवलं.

यावेळी दहाच घरं बाहेर आली. दोन मिनिटं गेली, तीन गेली. नळातून एक मुंगी बाहेर आली आणि आमच्याकडं बघून परत आत गेली.

"पण मला ऐकू येतंय," मी म्हणालो. "अजूनही येतंय!"

प्रेरणानं पाइपला कान लावला. "बाबा, काहीच नाही."

"मग ही शूं कुठून येतेय?"

ती माझ्याजवळ आली. "पाइपपासून लांब जा बरं. गच्चीवर जा. येतेय?"

"येतेय."

"आता कान हातानं झाका. येतेय?"

"आता तर जास्तच येतेय."

"बाबा, ते तुमच्या कानातच वाजतंय."

हे तिनं जरा हळू म्हणायला हवं होतं. दहाच्या दहा घरांनी ऐकलं. आप्पासाहेब गच्चीवरूनच म्हणाले, "तात्या, तुमच्या कानाला आजपासून पेन्शन. मी निघालो बाजारात. गोकुळ, मोटार उघडून बघ बाबा जरा, जळाली की जगली ती." दहाही दारं बंद झाली. शनिवारची दुपार, पोटात भाकरी, सगळे आडवे झाले.

मी एकटा खुर्चीत. अकरा वर्षांचं पद दोन तासांत गेलेलं. कानात ठणका, ठणक्यावर शूं. आणि मग, अडीचच्या सुमाराला, शूंचा जोर वाढला. मध्येच कुणीतरी घसा खाकरल्यासारखंही वाटलं. वाचकहो, दुसरा एखादा असता तर ताट घेऊन पळाला असता. मी नाही पळालो. मी स्वतःशीच हसलो. "बच्चमजी," मी कानाला म्हणालो, "दोनदा फसवलंस. आता खाकरून दाखवतोस व्हय?" आत गेलो, रत्नमालेनं लसूण घालून कोमट केलेल्या तेलाचे दोन थेंब कानात सोडले, वर कापूस लावला, आणि पडलो. शूं हळूहळू लांब गेली. तेलाचा गुण आला म्हणून मला समाधानानं झोप लागली.

चार वाजता रत्नमालेनं मला हलवलं. तिच्यामागं प्रेरणा, प्रेरणामागं आप्पासाहेब, आणि सगळ्यांत मागं तोंडावर फरशीची धूळ घेतलेले गोकुळ मिस्त्री.

"पाणी येऊन गेलं," रत्नमाला म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आमचा हौद काठोकाठ भरलाय," आप्पासाहेब म्हणाले. "गोकुळनं मोटार दुरुस्त करून चालू केली, आणि तिनं पाणी खेचलं. लाईनीतलं चौदा घरांचं पाणी एकट्या आमच्या हौदात."

"अहो, मग तुम्ही ओरडला का नाहीत?" मी मिस्त्रींना विचारलं.

गोकुळ मिस्त्री सरळ माणूस. "मला वाटलं, मोटारीत जुनं अडकलेलं पाणी आसंल," ते म्हणाले. "नळाचं आसतं तर तुमचं ताट वाजलं आसतं की. मला सकाळीच लोकांनी सांगितलं, तात्याचं ताट वाजल्याबिगर इथं पाणी येत नाय."

माझ्यावर भरवसा असलेला गल्लीतला तो शेवटचा माणूस.

आता उपाय एकच होता. आप्पासाहेबांच्या हौदातून पाइप टाकून आमची टाकी भरायची. आप्पासाहेब मनानं मोठे. त्यांनी लगेच हो म्हटलं. मग जरा वेळ वाळूच्या ढिगाकडं बघत राहिले.

"वैनी, पाणी लागंल तेवढं न्या. फक्त… मोटारीपायी गोकुळचा आजचा दिवस गेला. सोमवारी त्याला दुसऱ्या कामावर जायचंय. तेवढं उद्या कटर चालू ठेवतो. चालंल ना?"

रत्नमालेनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. "चालेल," ती म्हणाली. शिक्षा सुनावल्यासारखं असं 'चालेल' मी कोर्टातही ऐकलेलं नाही.

रविवारी अंगणात फुलांचा झोपाळा, हिरव्या साडीतली प्रेरणा, गंगापूरची चाळीस माणसं, आणि भिंतीपलीकडं हत्ती. मनकर्णाबाईंनी डोहाळ्याचं गाणं सुरू केलं, हत्तीनं वरचा सूर लावला. बाईही काही कमी नव्हत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी हत्तीला गाठलं, तिसऱ्याला मागं टाकलं, आणि चौथ्याला दोघंही बेसूर झाले. आता यजमान म्हणून मी काहीतरी करायला हवं होतं. मी आतून खोकं आणलं, तबकात हळदीकुंकवाशेजारी नारिंगी बोळे मांडले, आणि एकेकाला जोड देत फिरलो. चाळीस पाहुणे, पन्नास जोड. हिशेब कसा देवानं जुळवल्यासारखा!

मनकर्णाबाईंनी जोड उलटसुलट करून पाहिला. "शहरात डोहाळजेवणाला हे पण देतात व्हय?" असं म्हणून त्यांनी तो खण-नारळाशेजारी प्रेरणाच्या ओटीत टाकला. पाठोपाठ गंगापूरच्या सगळ्या बायकांनी आपापले जोड ओटीत टाकले. प्रेरणा हसून हसून झोपाळ्यावरून पडायची राहिली. पण जेवण उत्तम झालं. निघताना मनकर्णाबाई रत्नमालेचा हात धरून ओरडून म्हणाल्या, "विहीणबाई, या वेळी ताक कसं घट्ट होतं!" घट्ट असणारच. शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं पाणी ताकात कोण घालणार?

सोमवारी रत्नमालेनं मला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर मेघा वयानं प्रेरणाएवढी, पण नजर रत्नमालेची. कानात दिवा लावून तिनं विचारलं, "काका, बोळे कसे घालत होतात?"

मी अंगठा दाखवला.

"हो, दिसतंय. सगळा मळ पार आत नेऊन बसवलाय. म्हणून दुखतंय, म्हणून आवाज येतोय. अहो, बोळा आधी बोटांत वळून बारीक करायचा, कान वर ओढायचा, मग अलगद सोडायचा. काढताना फिरवत हळू काढायचा. आणि दिवसभर घालून ठेवायचा नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं सगळं."

रत्नमाला काही बोलली नाही. प्रसंग चौथा.

"आता धुऊन काढू," डॉक्टर म्हणाली. तिनं मोठी पिचकारी घेतली, कोमट पाणी भरलं, माझ्या कानाखाली वाटी धरली आणि पिचकारी सोडली. आत काहीतरी खाकरलं, मग शूंऽऽ झालं, आणि वाटी भरून वाहू लागली. मला एकदम सगळं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. पहिलं ऐकू आलं ते रत्नमालेचं बोलणं.

"घ्या," ती म्हणत होती, "या आठवड्यात आपल्या घरात न मागता पाणी आलं ते फक्त तुमच्या कानात."

माझ्याजवळ त्या वेळी ताट नव्हतं, नाहीतर वाजवलं असतं.